सेहेचाळीस मीटरवर

१

गाडी त्यांना वाळूच्या तोंडाशी उतरवून धूळ उडवत परत गेली तेव्हा नऊ वाजले होते. ड्रायव्हर चारला येतो म्हणाला होता, आणि त्याचे चार म्हणजे साडेपाच, हे मोजणीदाराला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने खाली ठेवलेलं सामान एकदा नजरेखालून घातलं. तिपाई, उंची मोजायच्या लेव्हल यंत्राची लाकडी पेटी, मोजणीची चार मीटरची काठी, काळी मोठी छत्री, पाण्याचे दोन कॅन, दोन डबे. वॉकीटॉकीही होते, पण त्यातल्या एकाची बॅटरी गेल्या खेपेपासून मेलेली होती. नवी मागवली आहे, असं स्टोअरवाला दर वेळी सांगायचा. एकाच वॉकीटॉकीशी बोलून काय करायचं, म्हणून दुसराही पेटीतच राहिला. मोबाइलला तर इथे कधीच रेंज नसे.

वर्षातून दोनदा त्याला इथे यावं लागे. समुद्राने किनाऱ्याची वाळू किती ओढून नेली आणि किती परत आणून टाकली, ते मोजून ठेवणं हे त्याच्या खात्याचं काम. पंचवीस वर्षं तो हेच करत आला होता. दोन मिलिमीटरचा फरक आला तरी अख्खी रेघ पुन्हा मोजायला लावायचा, म्हणून कार्यालयात त्याच्या पाठीमागे सगळे त्याला 'मिलिमीटर' म्हणत. हे त्याला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

सोबत होता लंब्या, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. वय चव्वेचाळीस, उंची सव्वासहा फूट, आणि तोंडाला विश्रांती नाही. चार ठिकाणी नोकऱ्या धरून सोडून झाल्यावर बहिणीने नवऱ्याच्या मागे लकडा लावला, आणि मोजणीदाराने मेहुण्याला काठी धरायच्या कामावर चिकटवून घेतलं. काठी आणि काठी धरणारा, दोघांना अक्कल सारखीच, असं तो म्हणायचा. बायकोसमोर मात्र नाही. आजही डबे हातात देताना ती म्हणाली होती, "त्याला पोहता येत नाही, लक्षात आहे ना? जसा नेताय तसा परत आणा."

"तुझा भाऊ काय काचेचा आहे?" असं म्हणून तो निघाला होता.

किनारा चित्रातल्यासारखा मुळीच नव्हता. ओहोटीला समुद्र पार लांब जायचा आणि मागे करड्या, ओल्या, कुबट वासाच्या वाळूचं मैदान उघडं पडायचं. फुटक्या शिंपल्या चपलेच्या तळातून टोचायच्या. बारीक तपकिरी माश्या कानामागे चावायच्या आणि त्यांना हाकललं की आणखी चार घेऊन यायच्या. ऊन वरून लागायचं आणि वाळूवरून पुन्हा उसळून हनुवटीखाली लागायचं. घरातल्या माणसांना पाहुणा नको असला की कोणी बस म्हणत नाही, पाणी विचारत नाही, तसा हा किनारा होता. मासे धरायलाही इथे कोणी येत नसे.

काम दोघांचं. मोजणीदाराने वर, घट्ट वाळूच्या उंचवट्यावर, छत्रीखाली यंत्राला डोळा लावून उभं राहायचं. लंब्याने काठी घेऊन समुद्राकडे सरळ रेघेत चालायचं. दर वीस पावलांवर, म्हणजे दर पंधरा मीटरवर, थांबून काठी उभी धरायची आणि यंत्राकडे बघत राहायचं. मोजणीदाराने आकडा वाचून वहीत टिपला की तो एक हात वर करणार. एक हात म्हणजे पुढे चल. दोन्ही हात म्हणजे परत ये. बाकी बोलणं नाही, कारण वारा समुद्रावरून यायचा. लंब्याचा आवाज तो इकडे आणायचा, इकडचा आवाज तिकडे जाऊ द्यायचा नाही.

पहिल्या वर्षी लंब्या हात वर व्हायच्या आधीच दोनदा पुढे चालू लागला होता आणि दिवसभराचं काम मातीत गेलं होतं. तेव्हा मोजणीदाराने चार माणसांसमोर त्याची हजेरी घेतली होती. "माझा हात वर होईपर्यंत आभाळ कोसळलं तरी जागचा हलायचं नाहीस! समजलं?" लंब्याला ते लागलं होतं. त्या दिवसापासून तो खांबासारखा उभा राहायचा, अगदी खुन्नस काढल्यासारखा.

"बारा म्हणजे बारा," तिपाईचे पाय वाळूत दाबत मोजणीदार म्हणाला. "साडेअकराला पाणी सगळ्यात खाली जाईल. सव्वाबाराला मधला खोलगट पट्टा भरायला लागतो. पाणी समोरून येत नाही, पाठीमागून येतं. त्याच्या आत तू अलीकडे पाहिजेस."

"दर वेळी सांगता, भावजी. ताईने शिकवून पाठवलंय का?"

"काठी उचल," मोजणीदार म्हणाला.

२

यंत्र जुनं होतं. खात्याने नवी घेतली होती, पण मोजणीदाराला आपलं जुनंच प्यारं. त्या दुर्बिणीत जग उलटं दिसायचं. वाळू वर, आभाळ खाली, काठीवरचे आकडे डोक्यावर उभे. नवशिका माणूस भांबावून जायचा. मोजणीदाराच्या मात्र उलटे आकडे इतके अंगवळणी पडले होते की भिंतीवरचं घड्याळ बघताना तोच क्षणभर अडखळायचा. शिवाय ही दुर्बीण वर-खाली वळत नसे. जवळच्या काठीचा तर जेमतेम हातभर तुकडा दिसायचा, आणि तिच्यामागे धरणाऱ्याच्या कपड्यांचा रंग. लंब्याला लांब बाह्यांचं भगभगीत नारिंगी जाकीट सक्तीचं होतं. एवढ्या वर्षांत मोजणीदाराने दुर्बिणीतून त्याचं तोंड एकदाही पाहिलं नव्हतं.

पहिल्या सहा ठिकाणी सगळं सुतासारखं सरळ गेलं. तिसऱ्या ठिकाणी लंब्याने कडक सलाम ठोकला. सहाव्याहून सातव्याकडे जाताना तो खोलगट पट्टा ओलांडून गेला आणि चपला काढून पुन्हा घालताना एका पायावर नाचला. मोजणीदार माश्या हाकलत, घाम पुसत आकडे टिपत होता. सातव्या ठिकाणी त्याने डोळा लावला, स्क्रू फिरवून काठी स्पष्ट केली, तिन्ही रेघांवरचे आकडे वाचले, वहीत लिहिले आणि हात वर केला.

मग तो वहीकडे बघत राहिला. काहीतरी खटकलं होतं आणि काय ते कळत नव्हतं. आकडे नीट लिहिले होते, अक्षर सुबक होतं. वाचतानाही अडचण आली नव्हती. फार सहज वाचले होते, अगदी वर्तमानपत्राचा मथळा वाचावा तसे.

आकडे सुलटे होते.

त्याने पुन्हा डोळा लावला, पण समोर नुसती वाळू होती. साध्या डोळ्यांनी बघितलं तर लंब्या आठव्या ठिकाणी पोचून काठी उभी करत होता. शंभराहून जास्त मीटर लांब, नारिंगी ठिपक्याएवढा. मोजणीदाराला हसू आलं आणि रागही आला. या गाढवाने काठी उलटी धरली होती! काठी उलटी धरली की उलट्या दुर्बिणीत आकडे सुलटे दिसणार, यात नवल ते काय. आपली फजिती करायला त्याने हे डोकं चालवलं होतं. घरी जाऊन जेवताना बहिणीला रंगवून सांगणार, भावजींना कसं बनवलं म्हणून.

"घरी चल, मग बघतो तुझ्याकडे," असं पुटपुटत त्याने डोळा लावला. आकडे सुलटेच होते.

३

दुर्बिणीच्या काचेवर तीन आडव्या रेघा असतात. मधली उंची सांगते. वरच्या आणि खालच्या रेघेत काठीचे जितके सेंटिमीटर मावतात, तितके मीटर काठी लांब. मोजणीदाराला हे गणित करावं लागत नसे, ते आपोआप व्हायचं. आठवं ठिकाण म्हणजे एकशेवीस मीटर. त्याने वजाबाकी केली. सदतीस आले.

तो हसला नाही. त्याने पुन्हा वाचलं. सदतीस. मग पान वर सरकवून सातव्या ठिकाणाचे आकडे बघितले. सहजपणे लिहिलेल्या त्या आकड्यांची वजाबाकी सेहेचाळीस येत होती.

काठी उलटी असो की सुलटी, दोन रेघांमधलं अंतर बदलत नाही. हे त्याला पक्कं माहीत होतं आणि आत्ता ते माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. त्याने चष्मा काढून पुसला. डोळ्यांच्या डॉक्टरने मागच्याच महिन्यात उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय म्हणून सांगितलं होतं. मोतीबिंदूने माणूस धूसर बघतो. पण जो आकडा दिसत होता तो इतका स्वच्छ होता की काठीवरचे ओरखडेही मोजता आले असते.

त्याने छत्रीच्या बाहेर मान काढून बघितलं. यंत्रापासून सदतीस मीटरवर काहीही नव्हतं. ओली वाळू, तिच्यावर लंब्याच्या चपलांचे ठसे सरळ पुढे गेलेले, आणि ऊन. ठशांच्या शेवटी, खूप लांब, लंब्या काठी धरून उभा. त्याने डोळा पुन्हा दुर्बिणीला लावला. काठी होती. जवळ, स्वच्छ, किंचितही न हलता. तिच्यामागे नारिंगी रंग दिसत नव्हता. करडा काहीतरी रंग होता, ओल्या वाळूचा असावा तसा.

आता त्याच्या लक्षात आलं की उजव्या हाताची बोटं मघापासून काहीतरी वेगळं करत आहेत. लंब्या लांब जाईल तसा काठी स्पष्ट करायचा स्क्रू एका बाजूला फिरतो. सहा ठिकाणी तो तसाच फिरला होता. सातव्यापासून तो उलटा, जवळचं बघताना फिरतो तसा फिरत होता, आणि बोटांनी डोक्याला न विचारता ते करून टाकलं होतं.

यंत्र बिघडलं असेल, असं त्याने ठरवलं. गाडीतून येताना धक्का बसला असेल, आतली एखादी काच सरकली असेल. बिघडलेल्या यंत्राचे आकडे कशाला धरून बसायचं? नवव्यावर एकदा बघू आणि मग काय ते ठरवू. घड्याळात साडेअकरा वाजत होते. त्याने हात वर केला.

लंब्याने काठी खांद्यावर टाकली आणि मोजून वीस पावलं तो पुढे गेला.

४

अठ्ठावीस मीटर.

आता काठी धरलेला हातही दिसत होता. बाही नव्हती. उघडा, ओला हात, दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तशी पांढरी, सुरकुतलेली बोटं. बोटांची पकड घट्ट होती आणि नखांच्या कडांत वाळू भरलेली होती. मोजणीदाराने श्वास रोखून धरला होता, कारण यंत्राजवळ श्वास टाकला की काच धूसर होते, ही जुनी सवय. त्या सवयीचा त्याला आधार वाटला.

मनगटावरून पाण्याचा थेंब ओघळला, कोपराशी थांबला, लोंबला आणि खाली पडला. मग दुसरा. तोही खाली पडला.

पाणी खालीच पडणार, असं त्याच्या मनात आलं. आणि पाठोपाठ लक्षात आलं. या दुर्बिणीत पाणी खाली पडत नाही. या दुर्बिणीत ओल्या काठीवरचा थेंब वर ओघळतो, पाऊस वाळूतून आभाळाकडे जातो. पंचवीस वर्षं तो ते बघत आला होता. इथे थेंब खाली पडत होता, याचा अर्थ खरोखर तिथे तो वर जात होता. काठी उलटी धरण्याची थट्टा आता उरली नव्हती. काठी, हात, पाणी, सगळंच उलटं होतं, आणि ज्याचा तो हात होता तोही.

तो यंत्रापासून दोन पावलं मागे सरला. समोर काहीच नाही. नुसती वाळू, तिच्यावर बसून उडणाऱ्या माश्या. उघड्या डोळ्यांना जे दिसत नाही ते नाहीच, असं तो स्वतःला बजावत राहिला, आणि त्याच डोळ्यांनी त्या रिकाम्या जागेवरून नजर काढायची त्याची हिंमत होईना.

सेहेचाळीस, सदतीस, अठ्ठावीस. दर वेळी नऊ मीटर. त्याने हात वर केला की लंब्या पंधरा मीटर लांब जात होता, आणि ते नऊ मीटर जवळ येत होतं. त्याच्या हाताकडे दोघंही बघत होते.

मोजणीदाराने दोन्ही हात पॅन्टच्या खिशात घातले.

५

दोन्ही हात वर केले असते तर लंब्या परत आला असता. एवढंच करायचं होतं. पण दोन्ही हात म्हणजे माझ्याकडे ये. ते लंब्याला सांगितलं तर त्यालाही सांगितल्यासारखं होत होतं, आणि लंब्याला यायला दीडशे पावलांहून जास्त, त्याला अठ्ठावीस मीटर.

मोजणीदार भ्याला. आपण कशाला भीत आहोत हे शब्दांत सांगता येत नसल्याची लाजही वाटत होती. तो तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायला गेला, पण ओठ कोरडे पडले होते. तो ओरडला, "लंब्या! परत ये!" वाऱ्याने ते शब्द त्याच्याच तोंडावर परत फेकले. लंब्या खांबासारखा उभा होता. हात वर झाला नव्हता.

पावणेबारा. बारा. लंब्याने अलीकडे असायची वेळ झाली होती. समुद्राच्या कडेची पांढरी रेघ मघापेक्षा जाड दिसू लागली. लंब्याने एकदा काठी या हातातून त्या हातात घेतली. मग त्याचा आवाज वाऱ्यावर आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

"भावजी, झोपलात का? पाय भाजले की हो!"

एरवी मोजणीदार हसला असता. आता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस त्याच्या एका शब्दाखातर तिथे उभा होता, आणि तो शब्द चार माणसांसमोर पाणउतारा करताना उच्चारलेला होता. याला घरी न्यायचं आहे, बाकी काही नाही, असं तो मोठ्याने म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून थोडा धीर आला.

त्याने ठरवलं की यंत्राला डोळा लावायचाच नाही. चालत जायचं, लंब्याचा दंड धरायचा आणि लांबून वळसा घालून त्याला अलीकडे आणायचं. यंत्र गेलं खड्ड्यात. तो छत्रीखालून बाहेर पडायला वळला, आणि तेवढ्यात माशी डोळ्याच्या कोपऱ्यात चावली. कळवळून त्याचा हात खिशातून निघाला आणि कपाळाच्या वर गेला.

एक हात.

"नाही! नाही!" तो ओरडला. पण लंब्याने काठी खांद्यावर घेतली होती. वीस पावलं तो मोजून गेला, पाण्याच्या अगदी कडेला थांबला आणि काठी उभी केली.

डोळा लावायचा नाही हे ठरलं होतं तरी मोजणीदाराने डोळा लावला. एकोणीस मीटर. बोटं आता अख्ख्या काचेत भरली होती. त्यातलं एक बोट काठीवर हळूहळू टपटप करत होतं, वाट बघणाऱ्या माणसाचं करतं तसं.

६

तो धावला. उंचवट्यावरून खाली उतरून लंब्याच्या ठशांच्या कडेकडेने, हात वर जाऊ नयेत म्हणून ते अंगाला घट्ट चिकटवून, विचित्र पद्धतीने धावला. एकोणीस मीटरवर काही झालं नाही. अंगाला काही लागलं नाही. फक्त वाळूवर काठीच्या बुडाचा चौकोनी ठसा होता. लंब्याने ठेवलेल्या काठीचे ठसे पंधरा-पंधरा मीटरवर होते, प्रत्येकाजवळ चपलांची खूण होती. याच्याजवळ एकही पाऊल नव्हतं. आणि काठी टेकली की वाळू खाली दबते. इथे ती वर आलेली होती, चौकोनी, बोटभर उंच, कोणीतरी खालून दाबल्यासारखी. पुढे नऊ मीटरवर तसाच दुसरा चौकोन होता. मग तिसरा. मग चौथा. मोजणीदाराने त्यांच्यावर पाय पडू दिला नाही.

खोलगट पट्टा भरायला लागला होता. सव्वाबाराला भरायचा तो आज आधीच भरत होता, किंवा त्याचं घड्याळ मागे पडलं असेल. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. ते कोमट आणि गढूळ होतं आणि खाली पाय सारखा रुतत होता, ओढून काढावा लागत होता. मांड्यांपर्यंत पाणी आल्यावर त्याने पाठीमागे बघण्याची इच्छा दाबून टाकली आणि पुढे बघितलं. लंब्या आता स्पष्ट दिसत होता, पन्नास-साठ पावलांवर. पाणी त्याच्या पोटऱ्यांना लागलं होतं. काठी उभी, मान वर, नजर उंचवट्यावर.

"लंब्या!" मोजणीदाराने दोन्ही हात वर केले. आता भीती उरली नव्हती, लंब्या जवळ होता. "अरे परत ये! मी आहे!"

लंब्याची नजर खाली आली. तो मोजणीदाराकडे बघत राहिला, आणि त्याचं तोंड हळूहळू उघडलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर तसली भीती मोजणीदाराने कधी पाहिली नव्हती. लंब्याने काठी छातीशी ओढून धरली आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत ओरडला.

"भावजी! पाण्यातून कोणीतरी येतंय माझ्याकडे!"

"अरे मूर्खा, मीच भावजी!" मोजणीदार पाणी कापत पुढे झाला. "ओळखत नाहीस का? ताईने डबा दिलाय तो जेवायचाय ना तुला? चल!"

"तू पुढे येऊ नकोस!" लंब्याचा आवाज चिरकला. "भावजी तिकडे आहेत. मला दिसतायत ते." मग पुन्हा डोक्यावरून, रडवेल्या सुरात, "भावजी, मी काय करू? परत येऊ का? सांगा लवकर!"

मोजणीदार वळला.

लांब, उंचवट्यावर, काळ्या छत्रीखाली यंत्र होतं. यंत्रामागे कोणीतरी वाकून उभं होतं, दुर्बिणीला डोळा लावून, अगदी त्याच्याच ढबीने, उजवा हात स्क्रूवर ठेवून. छत्रीच्या सावलीमुळे चेहरा दिसत नव्हता. कपडे ओले, करडे दिसत होते. बराच वेळ ते तसंच स्थिर होतं, आकडा नीट वाचून घेणाऱ्या माणसासारखं. मग ते सरळ झालं, वहीत काहीतरी लिहिलं, आणि त्याने हात वर केला.

एकच हात.

"नको!" मोजणीदार किंचाळला. "लंब्या, ते ऐकू नकोस! जाऊ नकोस!"

पण लंब्याचा चेहरा निवळला होता. काय करायचं ते भावजींनी सांगितलं होतं. पाण्यातून येणाऱ्या त्या माणसावर नजर ठेवत, त्याच्यापासून लांब, त्याने काठी खांद्यावर घेतली आणि तो समुद्राच्या दिशेने मागे मागे चालू लागला. वाऱ्यावर त्याचं मोजणं स्वच्छ ऐकू येत होतं. सात, आठ, नऊ. बाराव्या पावलाला पाणी त्याच्या कमरेच्या वर गेलं. तो मोजायचा थांबला नाही.